जाळीवरचं कुंकू

झेंडू बाजारात यायला लागला की माझ्या नाकात आधी ग्रीसचा वास येतो. इतरांना दसरा आठवतो, तोरणं आठवतात, पुरणपोळी आठवते. मला आठवतं ते पॉवर प्रेसच्या पोटातलं काळं ग्रीस, रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंध्या, आणि त्या सगळ्यावर पसरलेला झेंडूचा उग्र, किंचित कडू वास. हे दोन वास एकदा जे एकमेकांना चिकटले ते इतक्या वर्षांत सुटले नाहीत. बारामतीच्या बाजारात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळ्या-केशरी राशी लागतात, बायका घासाघीस करतात, टेम्पोवाले बोनेटला माळा बांधतात, आणि मी गाडीचा वेग वाढवतो. बायको मागून म्हणते, फुलांशी कसलं हो तुमचं वैर? वैर नाही, एवढंच मी म्हणतो. मग काय आहे, ते तिला आजवर धड सांगता आलेलं नाही.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी मोटारसायकलचं स्टँड तुटलं म्हणून भिगवण रस्त्याच्या कडेला एका पत्र्याच्या शेडपाशी थांबलो. आत वेल्डिंग चालायचं आणि एका कडेला एक जुना पॉवर प्रेस होता, कुणाचे तरी पत्र्याचे तुकडे ठोकून द्यायला. मशिन धुऊन पुसून लख्ख केलेलं, कपाळावर हळदकुंकू, समोर उदबत्ती. दोन्ही बाजूंच्या बोल्टांना झेंडूचा टपोरा हार अडकवलेला. आणि जिचे ते बोल्ट, ती लोखंडी जाळी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी. मशिनवर काम करणारा पोरगा चांगला होता, हसतमुख, नुकतं लग्न झालेलं असावं, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. मी म्हटलं, जाळी आधी बसव बाबा. तो म्हणाला, बसवतो की काका, उद्या दसरा, मुहूर्ताचे चार नग काढायचेत. मी विचारलं, मग कधी बसवणार? तो सहज म्हणाला, "हार वाळला की."

स्टँड जोडून झालं. मी निघालो, पण गाडी कुठल्या रस्त्यानं घरी आली हे मला कळलं नाही. असंच बोलणं मी पूर्वी एकदा ऐकलं होतं.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. बारामतीच्या माळावर एमआयडीसी वसत होती. ज्या माळावर कुसळांखेरीज काही उगवत नव्हतं तिथं पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, खांबांवर दिवे लागले, भोंगे वाजायला लागले. पुण्याच्या कुणा मालकाची एक कंपनी तिथं आली होती. गाड्यांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, क्लिपा, ब्रॅकेट असलं काहीबाही बनवायची. आता ती त्या नावानं नाही, तेव्हा नाव सांगून उपयोग नाही. मी आयटीआय करून तिथं प्रेसवर लागलो. माझ्या शेजारच्या प्रेसवर मारुती. तो अंथुर्ण्याजवळच्या वाडीचा, मी अंथुर्ण्याचा. सकाळची एसटी दोघांची एकच, डबा सोडायची वेळ एकच. मारुतीचे वडील मेंढरं राखायचे आणि ती मेंढरं चारायला याच माळावर आणायचे. मारुती म्हणायचा, बापानं हितं मेंढरं राखली, मी पत्रा राखतोय, पत्रा निदान रात्री ओरडत न्हाय. हे तो इतक्या वेळा म्हणायचा की पुढं पुढं आम्ही त्याच्या आधीच ते वाक्य पुरं करायला लागलो.

पॉवर प्रेस ही चीज ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर लोखंडाचा जड ठोकळा, खाली साचा. साच्यावर पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, ठोकळा खाली येतो आणि पत्र्याला आकार देऊन वर जातो. पत्रा कोणता आणि बोट कोणतं हे त्या ठोकळ्याला कळत नाही. म्हणून साच्यापुढं लोखंडी जाळी असते. तिच्या खालच्या फटीतून चिमट्यानं पत्रा सरकवायचा, म्हणजे हात आत जाण्याचा प्रश्नच येत नाही. जाळी असली की काम जरा सावकाश होतं, नग थोडे कमी पडतात, आणि तिथंच सगळं दुखणं होतं. माणूस घाईत असला की पहिली अडचण त्याला स्वतःच्या रक्षणाचीच वाटते. हेल्मेट डोक्यावर नको वाटतं, चष्मा डोळ्यांना नको वाटतो, आणि जाळी समोर नको वाटते.

तरी एरवी जाळ्या असायच्या. आमचे फोरमन तात्या, वयानं आणि मिशांनीही मोठे, या बाबतीत कडक होते. जाळी ढिली दिसली की शिवी हासडायचे. पण वर्षातून एक दिवस असा यायचा की तात्या स्वतःच हुकूम सोडायचे, जाळ्या उतरवा. तो दिवस खंडेनवमीचा.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यार पुजतात. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, तशी आमची मशिनं. सकाळी भोंगा वाजायचा पण मशिन सुरू व्हायचं नाही. त्या शांततेत आमचेच आवाज आम्हाला परके वाटायचे. मग जाळ्या उतरवून कोपऱ्यात लावायच्या, रॉकेलच्या चिंध्यांनी मशिन आतून-बाहेरून पुसायचं, वर्षाची घाण निघायची. पुसून झालं की साच्याला हळदकुंकू, ठोकळ्याला हळदकुंकू, आणि हार. हार लावायला खिळा कुठून आणणार? जाळीचे दोन बोल्ट दोन बाजूंना मोकळे असायचे, हार नेमका त्यांनाच अडकवायचा. जणू त्याच कामासाठी केलेले. मोठे साहेब धुतल्या कपड्यांत येऊन पहिला नारळ फोडायचे, तात्या आरती म्हणायचे, पेढे वाटले जायचे.

आणि एकदा देवीच्या नावानं घातलेला हार हातानं काढायचा नाही, असा तिथला रिवाज. दारावरचं तोरण आपण ओरबाडून काढतो का? तो आपला आपण वाळावा, आपला आपण गळावा. तोवर जाळी बसणार कशी? तिच्या जागी देवीचा हार होता. दसरा व्हायचा, पौर्णिमा व्हायची, दिवाळीच्या ऑर्डरींची घाई सुरू व्हायची, हार वाळून काळा पडायचा, आणि जाळ्या कोपऱ्यात कोळिष्टकं धरून उभ्या राहायच्या. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. भक्तीच्या पोटी झालेली चूक कुणाला चूक वाटत नाही, हेच तिचं भय.

माझ्या मशिनवर मात्र जाळी असायची. त्यात माझी हुशारी काही नव्हती. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात खंडेनवमी नाही. आमचा दसरा वेगळा. सकाळी पांढरे कपडे, विहारात वंदना, संध्याकाळी गावात मिरवणूक. कंपनीत मी मशिन इतरांइतकंच चकचकीत पुसायचो, पेढा आवडीनं खायचो, पण हळदकुंकू आणि हार नाही. मग बोल्ट रिकामे, आणि रिकाम्या बोल्टांना जाळी. तात्यांना ते खटकायचं. तोंडावर कधी बोलले नाहीत, पण आरतीचं ताट माझ्या मशिनपाशी आलं की त्यांची चाल किंचित वाढायची. मारुती चेष्टा करायचा, तुझं मशिन विधवेवाणी दिसतंय. मी म्हणायचो, तुझं नवरीवाणी दिसतंय, नीट सांभाळ.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता. बाजरी काढून झाली होती, ज्वारीच्या पेरण्या ओलीवर चालल्या होत्या, आणि माळेगावच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरायला लागल्या होत्या. एसटीच्या खिडकीतून त्यांच्या पालांतला धूर दिसायचा. हवा गोड होती. मला ऋतूंचं हेच समजत नाही, काय होणार आहे याची त्यांना कधीच चाहूल लागत नाही. कंपनीत दिवाळीच्या आधी माल पोचवायचा म्हणून जो तो वाकून कामाला लागला होता. मारुतीच्या मशिनवरचा हार वाळून चुरगळला होता. मी एकदा म्हटलं, आता काढ की तो, जाळी बसव. तो म्हणाला, "न्हाय रं. देवीचा हाय. आपल्या हातानं कसा काढायचा? गळंल दोन दिसांत."

तो गळला. सगळा नाही, एक फूल. सकाळचा चहा होऊन गेला होता, उन्हाची तिरपी पट्टी शेडमध्ये आली होती, सगळी मशिनं आपापल्या ठेक्यात होती. त्या हारातलं एक वाळकं फूल सुटून साच्यावर पडलं. कचरा असता तर मारुतीनं चिमट्यानं उडवला असता. पण ते पूजेचं फूल होतं. ठोकळ्याखाली चिरडू द्यायचं कसं? त्यानं ते उचलायला हात घातला. हात भक्तीचा, पाय मात्र सवयीचा. पायानं आपलं नेहमीचं काम केलं.

मशिनचा आवाज बदलला एवढंच मला कळलं. पत्र्याचा ठोका वेगळा असतो. मी वळून पाहिलं तेव्हा मारुती ओरडत नव्हता, तो आपल्या हाताकडं पाहत उभा होता, दुसऱ्याच कुणाच्या हाताकडं पाहावं तसा. तात्या धावत आले, त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून त्याच्या हाताला गुंडाळला, मी त्याला मागून धरलं. टेम्पोत घालून दवाखान्यात नेईपर्यंत तो एकच वाक्य बोलला. म्हणाला, फूल आतच ऱ्हायलं.

उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला, पण त्याला जुळायला कुणी उरलं नाही.

अपघात झाल्यावर माणसाला कारण लागतं. ते खरंच असायला हवं असं नाही, पण लागतं, नाहीतर झोप येत नाही. आमच्याकडं दोन कारणं तयार झाली. वरच्या ऑफिसातलं कारण असं की कामगारानं चालू मशिनमध्ये स्वतः हात घातला, म्हणजे निष्काळजीपणा. खाली शेडमध्ये कारण वेगळं. सगळ्यांनी देवीची पूजा केली, एकानं केली नाही, देवीनं बळी घेतला तो शेजारच्याचा. हे मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. पण कँटीनमध्ये माझ्या बाकावर जागा मोकळी राहायला लागली. डबा उघडला की शेजारचा माणूस पाणी प्यायला उठायचा तो परत यायचा नाही. ही मोकळी जागा आमच्या आजोबांच्या ओळखीची होती, त्यांनी तिच्याबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. मला वाटलं होतं ती त्यांच्यासोबत गेली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. देवीचा नेम इतका कच्चा असेल तर तिच्या हातात हत्यार द्यावं तरी कशाला, असं म्हणावंसं वाटायचं. पण मी डबा खायचो आणि उठायचो.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा उमजली. ती दोन्ही कारणं एकमेकांपासून कितीही लांब असोत, एका बाबतीत त्यांचं सख्य होतं. दोघांनाही कोपऱ्यातली जाळी दिसत नव्हती. मारुतीचा दोष म्हटलं की साहेब सुटत होते, माझा दोष म्हटलं की सगळी शेड सुटत होती. आणि अडकत होता तो मारुती. निष्काळजीपणा ठरला तर त्याची नोकरी जाणार हे उघड होतं. चार बोटं गेलेल्या माणसाला या माळावर दुसरं कोण कामावर ठेवणार होतं?

मी त्याच्या वाडीवर जायचो तेव्हा त्याची बायको सुमन चहा करायची आणि आमच्याकडं पाठ करून बसायची. मारुती अंगणात बाजेवर असायचा. वडिलांची मेंढरं समोर बसलेली, लोकर कातरायची वेळ झालेली, आणि भिंतीतल्या कोनाड्यात ती मोठी लोखंडी कातर. त्या कातरीला अंगठाही लागतो आणि बोटंही लागतात. एकदा मी गेलो तर आधीच तात्या येऊन बसले होते. ते त्याला समजावत होते, साहेब चौकशीला येतील तेव्हा देवीची मर्जी म्हण, साहेब देवाधर्माचा माणूस आहे, दया येईल, नोकरी टिकेल. मी आलेलो पाहून ते थांबले. देवीची मर्जी याचा पुढचा अर्थ काय होतो ते तिघांनाही ठाऊक होतं. सुमननं तात्यांच्या पुढं चहा ठेवला आणि आत निघून गेली. मारुती मेंढरांकडं पाहत होता. परत येताना मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. त्यानं तसं म्हटलं असतं तर मी त्याला दोष देऊ शकलो नसतो. त्याच्या घरात खाणारी तोंडं होती.

दिवाळी होऊन गेल्यावर साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं. मशिनं बंद होती, खंडेनवमीसारखीच शांतता. मारुती हात उपरण्यात गुंडाळून आला होता. साहेबांनी विचारलं, काय झालं ते सांग. तात्यांनी हात जोडल्यासारखे धरले होते. मी माझ्या मशिनपाशी उभा होतो.

मारुती म्हणाला, "देवीला काय करायचाय माझा हात? तिनं न्हाय घेतला." मग तो जरा थांबला. "जाळी कोपऱ्यात हुती साहेब. जितं जाळी पायजे तितं आमी हार लावला. समद्यांनी लावला. नारळ तुमी फोडला. आन हे सांगून नोकरी जात असंल तर जाऊ द्या."

साहेबांनी कोपऱ्यात पाहिलं. जाळ्या तिथंच होत्या, कुणी हलवायचीही तसदी घेतली नव्हती. साहेबांचा चेहरा कसा झाला हे सांगता येत नाही, ते खाली बघत निघून गेले. नोकरी गेली नाही, एवढं खरं. मारुतीला पुढं टूलरूममध्ये बसवलं. पाने, चिमटे, स्क्रू ड्रायव्हर मागायला येणाऱ्याला डाव्या हातानं काढून द्यायचे, संध्याकाळी परत मोजून घ्यायचे. साहेबांच्या मनात काय आलं ते त्यांनाच ठाऊक, पण ऑफिसातून पुन्हा मारुतीचा दोष असं कुणी म्हटलं नाही. माझ्या बाकावरची जागा मात्र लगेच भरली नाही. ते भरायला वेळ लागतो.

जाळ्या त्याच दिवशी बसल्या. भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' असं लाल अक्षरांत रंगवून आलं. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह झाला, आम्ही रांगेत उभं राहून शपथ घेतली, छातीला बिल्ले लावले, वडापाव खाल्ला. पाहुण्यांनी भाषण केलं. आणि उन्हाळ्यात मोठी ऑर्डर आली तेव्हा पहिल्या जाळीचा एक बोल्ट ढिला झाला. मग ती एका बोल्टावर लोंबायला लागली. मग दुसरी. भिंतीवरची लाल अक्षरं होती तिथंच होती, आणि आम्ही त्यांच्याखाली बसून डबे खात होतो. शपथ तोंडानं घेतलेली असते, ती हातापर्यंत उतरेलच असं नाही.

मारुती हे सगळं टूलरूमच्या खिडकीतून पाहत असणार. तो बोलायचा कमी. पूर्वीचं ते मेंढरांचं आणि पत्र्याचं वाक्य त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही. डबा तो डाव्या हातानं खायचा. आपल्याकडं डाव्या हातानं जेवणं म्हणजे काय ते सांगायला नको. लग्नकार्यात तो पंगतीत बसायचा नाही, सगळ्यांचं झाल्यावर भिंतीकडं तोंड करून बसायचा. कँटीनमध्येही तसाच भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. मग मी माझा डबा उचलून त्याच्या भिंतीपाशी नेला. पुढं बरीच वर्षं आम्ही दोघं भिंत बघत जेवलो.

वर्ष फिरलं. पुन्हा झेंडू आला. खंडेनवमीच्या सकाळी भोंगा वाजला, मशिनं शांत राहिली, तात्यांनी नेहमीसारखा हुकूम सोडला आणि माणसं जाळी उतरवायला पाने आणायला टूलरूमकडं गेली. खिडकी बंद. मारुती आत बसलेला. पाने मिळणार न्हाईत, एवढंच म्हणाला. आधी सगळे हसले. मग कुणी चिडलं, कुणी समजावलं, देवीच्या दिवशी असं अडवू नये म्हणालं. तात्या स्वतः खिडकीपाशी आले. हातात कुंकवाची वाटी, मागं हारांची पाटी. म्हणाले, मारुतराव, पूजा करायची हाय, दार उघड. हे मारुतराव मी पहिल्यांदाच ऐकलं.

मारुती बाहेर आला. पाने आतच ठेवून त्यानं दाराला कडी घातली. तात्यांच्या हातातली वाटी त्यानं डाव्या हातात घेतली आणि सरळ स्वतःच्या जुन्या मशिनपाशी गेला. उजव्या हाताचा अंगठा कुंकवात बुडवला. कुंकू लावायला तेवढा पुरतो. साच्याला नाही, ठोकळ्याला नाही, त्यानं तो अंगठा जाळीवर टेकला. एकदा, मग शेजारच्या मशिनच्या जाळीवर, मग त्याच्या पुढच्या. शेवटी तात्यांकडं वळून म्हणाला, "देवी हितं हाय तात्या. आत न्हाय. आत गेलं की काय हुतं ते मी बघितलंय."

तात्यांनी त्या वर्षी हार जाळीवरूनच घातले. मग आरती झाली. ताट माझ्या मशिनपाशी आलं, मी नेहमीसारखा बाजूला उभा होतो, आणि या वेळी तात्या चाल वाढवून पुढं गेले नाहीत. ताट दुसऱ्याच्या हातात देऊन ते टूलरूममध्ये गेले आणि एक पाना घेऊन आले. तो माझ्या हातात ठेवला. "आमची पूजा झाली. आता तू समद्यांचं बोल्ट बघ एकदा, ढिलं हायत का." एवढंच. माफी वगैरे शब्द तात्यांच्या कोशात नव्हते. मी शेडभर फिरलो, एकेक बोल्ट आवळला, बरेच ढिले होते. पुढं दर खंडेनवमीला तेच झालं. आदल्या दिवशी मशिन आतून पुसायचं, तात्यांच्या डोळ्यांदेखत जाळी परत बसवायची, मग कुंकू जाळीला. पूजा त्यांची, पाना माझा. मशिनं कधी इतकी नटली नव्हती आणि कधी इतकी बंदिस्त नव्हती.

सुरक्षेची संस्कृती असा शब्द पुढं सेमिनारमध्ये ऐकला. शब्द चांगला आहे. पण ती कुठं रुजली हे मला कुणी विचारलं तर मी त्या जाळ्यांकडं बोट दाखवीन. आमच्या शेडमध्ये शपथ टिकली नाही, फलक टिकला नाही, रिवाज टिकला. ज्या रिवाजानं हात नेला त्यालाच थोडं सरकवून पुढच्यांचे हात राखले. आणि मारुतीची एक सवय. नवं माणूस प्रेसवर लागलं की तो टूलरूममधून उठून यायचा आणि त्याच्याशी हात मिळवायचा. उजवा. नवा माणूस हात पुढं करायचा, आणि जिथं बोटं असायला हवी तिथं काहीच हाताला लागायचं नाही. मारुती परत जाऊन बसायचा. त्या माणसांपैकी कुणी पुढं जाळी ढिली ठेवलेली मला आठवत नाही.

यात समाधान मानावं असं लोक म्हणतात. मी मानत नाही. ही सगळी शहाणीव एका माणसाच्या हातातून काढून घेतली होती, आणि त्याला तो हात परत कुणी दिला नाही. त्याच्या पोरीच्या लग्नात कन्यादानाचं पाणी सोडताना तो किती चाचरला ते मी पाहिलं आहे. त्याआधी शिकता आलं नसतं का आम्हाला? झेंडू दरवर्षी येतो.

दसऱ्याच्या संध्याकाळी मारुती माझ्याकडं येतो. आता मी बारामतीत राहतो, तो अजून वाडीवरून येतो. मी सकाळी विहारातून आलेलो असतो, पांढऱ्या कपड्यांतच. तो दारातून जयभीम घालतो आणि पिशवीतून आपट्याची पानं काढतो. सोनं डाव्या हातानं द्यायचं नाही हे त्याच्या मनात पक्कं. म्हणून तो डाव्या हातानं पान उचलून उजव्या तळव्यावर ठेवतो आणि तो तळवा पुढं करतो. वारा असला की पान उडतं. मी खालून हात धरतो. सोनं काही आमचं नाही, पण ते मारुतीचं आहे, म्हणून मी घेतो.

यंदा तो आला तेव्हा मी त्याला भिगवण रस्त्यावरच्या शेडचं सांगितलं. हार वाळला की, असं तो पोरगा म्हणाला, तेही सांगितलं. मारुतीनं चहा अर्धाच प्याला. "चल," म्हणाला.

शेड उघडी होती. मुहूर्ताचे चार नग चांगले निघाले असावेत, कारण पोरगा अजून मशिनवर होता. पेडलवर पाय, हार दोन्ही बोल्टांना, जाळी कोपऱ्यात. आम्हाला पाहून त्यानं मशिन थांबवलं आणि हसला. मारुतीनं पिशवीतून पान काढलं, उजव्या तळव्यावर ठेवलं, हात पुढं केला.

"सोनं घे बाबा."

पोरानं हात पँटला पुसला आणि पान घ्यायला पुढं केला. मग तो तळव्याकडं पाहत राहिला. पान त्याच्या बोटांत आलं तरी त्याची नजर तिथून हलली नाही. त्यानं हळूच विचारलं, काका, हे कशानं?

मारुती म्हणाला, "मीबी हार वाळायची वाट बघत हुतो."

पोरानं पान खिशात ठेवलं. मग त्यानं दोन्ही हातांनी हार उतरवला, कपाळाला लावला आणि खुर्चीवर नीट ठेवला. कोपऱ्यातून जाळी उचलून आणली. पाना शोधायला त्याला वेळ लागला. मारुती दारातल्या स्टुलावर बसला आणि मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. आम्हाला घाई नव्हती. दोन्ही बोल्ट आवळून झाले तेव्हा मारुती उठला, उदबत्तीशेजारची कुंकवाची वाटी त्यानं जवळ ओढली आणि तिच्यात अंगठा बुडवला.